वेस्टर्ली सेंटॉर, चौदा महिन्यांनंतर: वरणात पडलं ते छत

कुकर उघडला, दोघांची ताटं वाढली, आणि माझ्या वरणावर बेसनासारखा पिवळट भुगा पडला. वर बघितलं तर आमच्या वेस्टर्ली सेंटॉर या शिडाच्या बोटीतल्या केबिनच्या छताचं अस्तर मांडवाच्या कापडासारखं झोळ देऊन लोंबत होतं. नवरा म्हणाला, "वरचं वरचं काढून टाक." मी वरण टाकलं आणि हे लिहायचं तेव्हाच ठरवलं.

सेंटॉरची मापं बोटवाल्यांना पाठ असतील. 26 फूट लांबी, खाली दोन कील (तळातून पाण्यात उतरणारे जड पंख), लॉरेंट जाइल्स या ब्रिटिश बोट-डिझायनरच्या कार्यालयाचं डिझाइन, 1969 ते 1980 या काळात 2,400 च्या वर बोटी. आमची 1974 ची. ठेवतो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एम्सवर्थला, ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या चिखलात, कारण मरिनाचं, म्हणजे बोटी बांधायच्या पक्क्या धक्क्याचं, भाडं ऐकून मला भोवळ आली होती. दोन कीलवर उभी राहणारी बोट घ्यायचं खरं कारण हेच.

तर छत. त्या काळी पाठीला पातळ फोम लावलेलं व्हायनिल (रेक्झिनसारखं कापड) थेट फायबरग्लासवर चिकटवायचे. पन्नास वर्षांनी व्हायनिल धड, फायबरग्लास धड, मधला फोम तेवढा मेला. कापड कशालाच चिकटलेलं नाही, आणि बोट हलली की भुगा गळतो. केसांत, अंथरुणात, चहात.

घेण्याआधी ज्या गृहस्थांकडून बोट तपासून घेतली, त्यांनी अकरा पानी अहवालात याला एक ओळ दिली होती: "दिसण्यापुरती बाब." कीलच्या मुळाशी तडे आहेत का, यावर तीन पानं. जुन्या सेंटॉरमध्ये आधी तेच बघायचं असतं हे मान्य, आणि आधीच्या मालकाने आतून तिथे मजबुती करून घेतली होती हेही नशीब. पण कील माझ्या वरणात पडत नाही. मी त्यांना पत्र लिहून फीमधले थोडे पैसे परत मागितले. उत्तर अतिशय सभ्य आलं, पैसे आले नाहीत.

मग एका कारागिराकडून अंदाज मागवला: 1,900 पौंड. बोट घेतली 3,500 ला!

एप्रिलमध्ये स्वतःच केलं. अस्तर ओढलं की एका फटक्यात येतं, ते सोपं. मागे राहिलेला फोम मात्र काही जागी पीठ, काही जागी काकवी. तो खरवडण्यात चार शनिवार गेले. मान वर, तोंडाला मास्क, हातात पत्रा. नवीन व्हायनिलऐवजी कॅम्पर व्हॅनला आतून लावतात ते ताणलं जाणारं कार्पेट आणलं; कोपऱ्यांत छान वळतं आणि स्वस्त पडतं. गोंदही स्वस्तातला आणला. जूनच्या पहिल्या उकाड्यात अर्धं छत परत खाली. उष्णता सोसणारा गोंद वेगळा मिळतो आणि त्याला दुप्पट पैसे पडतात, हे मला कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होते. नवऱ्याने सांगितलं होतं.

चालवायला कशी, हेही लिहायला हवं. वाऱ्याच्या तोंडावर चढायला नाखूश. शेजारची सडपातळ बोट तिरकी होऊन सुळकन पुढे जाते, आपण तेवढ्या वेळात जास्त नागमोडी टप्पे घेत बसतो. वारा मागून किंवा बाजूने असला तर पाच नॉट बिनतक्रार. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, बाजूला बाहेर काढलेल्या कडेमुळे पाणी बरंच बाहेर उडतं, आत पुढच्या बिछान्याला रुंदीही मिळते. सोलेंटमध्ये, म्हणजे इंग्लंड आणि आइल ऑफ वाइट बेटाच्या मधल्या सामुद्रधुनीत, ओहोटी पश्चिमेला आणि वारा नैऋत्येचा, म्हणजे आखूड उभ्या लाटा. त्यात वाऱ्याकडचा कील पाण्यावर असा आपटतो, की पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी तुटलं. मे महिन्यापर्यंत माझं मत बनलं होतं की ही बोट म्हणजे तरंगती खोली, आणि तिचंही छत गळकं.

ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटच्या न्यूटाउन क्रीक या खाडीत गेलो. सकाळच्या भरतीला निघून, ओहोटीवर बसून, थपडा खात. संध्याकाळच्या भरतीला अशा कोपऱ्यात शिरलो जिथे दुसरं कुणी येत नाही. तीन फूट पाणी आम्हाला पुरतं. आमच्या मागोमाग एक देखणी, एकाच खोल कीलची बोट आली. रात्री अडीचला पाणी गेलं. आमची बोट म्हैस बसावी तशी चिखलात बूड टेकून राहिली, ओट्यावरची वाटीसुद्धा हलली नाही. शेजारची हळूहळू कलंडत पार आडवी. आतून आधी भांड्यांचा आवाज, मग शिव्या, मग टॉर्च. दोघं बिचारे भरती येईपर्यंत बोटीच्या कुशीवर बसून होते. मी चहा ठेवला. चिखल मध्ये नसता तर त्यांनाही दिला असता.

वाऱ्यावर चढत नाही ही तक्रार त्या रात्री मी मागे घेतली. विकायची जाहिरात लिहून ठेवली होती, तीही पुसली.

चहा घेऊन आडवी झाले. टॉर्च विझवताना उजेड छतावर गेला. खिडकीच्या वर, उजव्या कोपऱ्यात, बोटाएवढं कार्पेट सुटलंय.