बाल्डर्स गेट ३, सात महिने: शृंगार किती आणि चावटपणा किती

हा काल्पनिक दुनियेतला व्हिडिओ गेम गेल्या दिवाळीत घेतला, दोनदा पूर्ण केला, आता तिसऱ्यांदा खेळतोय. लढाया, फासे, कथा यांबद्दल एवढं लिहून झालंय की त्यात माझी भर नको. मी लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. गेम घेतला म्हणून दोन मित्रांना सांगितलं, तर दोघांचा प्रश्न एकच: "तो अस्वलवाला ना?"

हो, तोच. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओनं जुलै २०२३ मध्ये, गेम यायला महिनाभर असताना, एका थेट प्रक्षेपणात तो प्रसंग दाखवला. हॅल्सिन नावाचा वनवासी ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारा मांत्रिक) ऐन प्रेमप्रसंगात अस्वल होतो आणि ते बघून खारीच्या हातातलं फळ पडतं. टिकटॉकनं लारियनचं प्रक्षेपण तिथल्या तिथे बंद केलं. जाहिरातीसाठी याहून स्वस्त सौदा नाही. खरं तर तो विनोद आहे आणि विनोद म्हणून चांगला जमलाय. पण त्यामुळे गेमवर जो शिक्का बसला तो बसलाच. शिवाय गेमना वयोगट ठरवून देणाऱ्या युरोपातल्या पेगीचा १८ चा आकडा आहेच. तो आकडा वय सांगतो. समज कोण मोजणार?

आधी कामाच्या गोष्टी. दीडशे जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर. गेमच्या तिसऱ्या अंकात शहरात शिरलात की माझ्यासारख्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. नग्नता बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे आणि आमच्यासारख्या वन बीएचकेत ती लागते. मी हॉलमध्ये खेळतो. एकदा हॅल्सिन अस्वल होऊन गॉब्लिन नावाच्या ठेंगण्या राक्षसांशी लढत होता (निव्वळ लढत होता), तेवढ्यात आई चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हा कोण रे, जांबुवंत?" मी हो म्हणालो. बायको आतून हसत होती, कारण तिला पुढचं माहीत होतं. त्या रात्री सेटिंग बदललं.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या पन्नास तासांत माझं मत पक्कं झालं होतं: पोरकट. पहिल्या अंकात गॉब्लिनांना हरवून निर्वासितांना वाचवलं की रात्री जल्लोष होतो, आणि त्या एका रात्रीत कॅम्पमधले तुमचे निम्मे सोबती तुमच्यावर भाळलेले निघतात. तुम्ही बाई असा, पुरुष असा, सरड्यासारखा चेहरा असलेला ड्रॅगनबॉर्न असा, कुणाला फरक पडत नाही. सुरुवातीला तर हे याहून वाईट होतं. लारियनचे प्रमुख स्वेन विंके यांनी नंतर कबूल केलं की सोबती भाळायला लागणाऱ्या पसंतीच्या मर्यादा चुकून फार खाली राहिल्या होत्या, त्यामुळे गेलसारखी पात्रं लोकांच्या गळ्यातच पडत होती. आकडा दुरुस्त झाला, आकड्याची पद्धत राहिली. तुम्ही काही बोललात की वर कोपऱ्यात येतं, अमक्याला आवडलं, तमक्याला नाही आवडलं. पुरेसं आवडवून घेतलं की दार उघडतं.

यातला पोरकटपणा नुसता गेमचा नाही, माझाही आहे. एफ-५ दाबलं की सेव्ह, एफ-८ दाबलं की मागे. कार्लाक नावाच्या सोबतिणीशी बोलताना उत्तर चुकलं, तिचा चेहरा पडला, की एफ-८. जणू काही झालंच नाही. समोरच्याच्या नकाराला काही किंमतच उरत नाही, आणि नकाराला किंमत नसली की होकारालाही नसते. आंबटशौकीन पोरगा तरी वेगळं काय करतो?

२००७ चा पहिला 'विचर' हा गेम मी कॉलेजात खेळलो होतो. त्यात प्रत्येक बाईबरोबर रात्र काढली की तिच्या चित्राचा एक पत्ता मिळायचा. लहानपणी आम्ही काडेपेटीचे छाप जमवायचो, तसे मोठेपणी हे पत्ते. वर लिहिलेलं 'प्रौढांसाठी'. तेव्हा मला तो भारी वाटला होता. वीस वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं असतं? पुढे त्याच पोलिश कंपनीनं ते पत्ते काढले, आणि २०१५ च्या तिसऱ्या विचरमध्ये माणसं ठेवली.

तर बाल्डर्स गेटलाही मी त्याच खणात टाकून मोकळा झालो असतो. पण दुसऱ्या अंकात, मूनराइज टॉवर्समध्ये, अराज ओब्लोड्रा भेटते. ही रक्ताचे काढे करणारी ड्राऊ, म्हणजे जमिनीखालच्या एल्फांपैकी एक. आपल्याबरोबर असतो ॲस्टेरियन: देखणा, लाघवी, स्वतःही रक्त पिणारा, दोनशे वर्षं एका व्हॅम्पायर मालकाचा गुलाम राहिलेला. मालकासाठी सावज आणायचं, आणि ते आणायला स्वतःचं शरीर वापरायचं, हे त्याचं काम होतं. अराजला हौस आहे की त्यानं तिला चावावं. मोबदल्यात ती ताकद कायमची दोननं वाढवणारा काढा देणार. विचारते मात्र त्याला नाही, तुम्हाला. तो नको म्हणतो. ती पुन्हा तुमच्याकडेच बघते.

पहिल्या खेळात मी काढा घेतला. ताकद दोननं वाढते म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. मी त्याला भरीला घातलं, त्यानं तोंड वाकडं करून ते उरकलं, कोपऱ्यात 'नाही आवडलं' आलं. मी म्हटलं, भरून काढू पुढे कुठेतरी. आणि पुढच्या लढाईत कुऱ्हाड फिरवताना एकदम डोक्यात आलं की आपण आत्ता त्याच्या जुन्या मालकाचंच काम केलं. गेमनं कुठेही सुनावलं नव्हतं. काढा दिला होता आणि गप्प बसला होता.

दुसऱ्या खेळात मी नाही म्हणालो. नंतर कॅम्पात ॲस्टेरियन येऊन खरं बोलतो: तुला भुलवणं हा बेत होता, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी. आता मात्र त्याला काहीतरी खरं हवंय आणि ते कसं असतं हे त्याला माहीत नाही. तुम्ही त्याला मिठी मारू शकता. तो आधी ताठ होतो. मग सैल पडतो. यानंतर बराच काळ तुमच्यात शरीराचं काही घडत नाही, आणि गेम त्याला शिक्षा मानत नाही. दीडशे जीबीच्या या गेममध्ये मला सगळ्यात प्रौढ वाटलेला शृंगाराचा प्रसंग हाच, आणि त्यात सगळ्यांच्या अंगावर कपडे आहेत.

कार्लाकचंही तसंच. नरकात तिचं हृदय काढून जागी इंजिन बसवलंय, हात लावणारा भाजतो. डॅमन नावाचा लोहार दोनदा दुरुस्ती करून देतो तोवर ती कुणाला शिवू शकत नाही. मी त्याचं लोखंड शोधत तासन्‌तास हिंडलो. दुसऱ्या दुरुस्तीनंतर ती मिठी मारते तेव्हा, कबूल करतो, डोळ्यांत पाणी आलं. बैठकीच्या लावणीत बाई जागची न उठता नुसत्या नजरेनं आणि हातांनी जे करते, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी.

मग तिसऱ्या अंकात शॅरेसेस करेस नावाचा कुंटणखाना लागतो आणि लेखक पुन्हा चेकाळतात. जुळी ड्राऊ भावंडं, पैसे मोजा, हवं त्याला बरोबर घ्या. मी तो प्रसंग पाहिला, जांभई दिली. बायको म्हणाली, "याच्यासाठी एवढी डिस्क रिकामी केलीस?"

तिचा मुद्दा पूर्ण पटला नाही, कारण ॲस्टेरियन लिहिणारे आणि हे लिहिणारे एकाच छताखालचे आहेत. घ्यायचा असेल तर घ्या, सवलतीत मिळतो. पहिल्यांदा खेळताना शक्यतो एफ-८ ला हात लावू नका. मला सगळ्या खेळात तेवढंच एक जमलं नव्हतं.

सध्याचा माझा योद्धा ताकदीनं दोननं कमी आहे आणि शेवटच्या अंकातल्या एका लढाईत तीन दिवस अडकलोय. परवा सेटिंग चाळताना दिसलं, आई आली त्या रात्री बंद केलेली नग्नता अजून बंदच आहे. चालू करायची राहूनच गेली.