स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार : पगारी नोकरी की स्वतंत्र काम?

स्थानिक वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढायची हे एकदा ठरले की पुढचा प्रश्न उरतो तो नात्याचा : हजेरीपटावर नाव असलेला छायाचित्रकार व्हायचे, की स्वतंत्र राहून दिवसामागे किंवा छायाचित्रामागे मानधन घ्यायचे. हा प्रश्न बहुधा ‘स्थैर्य की स्वातंत्र्य’ अशा शब्दांत विचारला जातो, आणि तिथेच तो चुकतो. स्वतंत्र छायाचित्रकारालाही पान लागण्याची वेळ पाळावीच लागते, आणि पगारी छायाचित्रकाराची नोकरीही एका पत्राने जाऊ शकते. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. छायाचित्र न काढता जाणारा वेळ आणि झिजणारी साधने यांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे एक ठिकाण. आणि वीस वर्षांनी ती छायाचित्रे कोणाच्या मालकीची असतात, हे दुसरे. पहिल्या गोष्टीची चौकशी बहुतेक जण करतात. दुसरीची आठवण फार उशिरा होते.

दिवसाचा आकार आधी पाहू. पगारी छायाचित्रकाराचा दिवस कामांच्या यादीने सुरू होतो. यादीत साधारण तीन ते पाच कामे असतात : सकाळी बक्षीस समारंभ, दुपारी पुरवणीतल्या लेखासाठी एखाद्या निवृत्त शिक्षिकेचे व्यक्तिचित्र, संध्याकाळी मैदानावरचा सामना, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी जलवाहिनी फुटल्याचा किंवा अपघाताचा फोन, ज्यामुळे यादीचा क्रम कोलमडतो. प्रत्यक्ष कॅमेरा डोळ्याला लावलेला वेळ मोजला तर तो दिवसाचा लहानसा भाग भरतो. बाकीचा वेळ प्रवासात जातो, प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात जातो, न्यायालयाच्या दाराबाहेर उभे राहण्यात जातो. त्यानंतर दोनशे छायाचित्रांतून सहा-आठ निवडायची, प्रत्येकाला फोटोओळ जोडायची, त्या ओळीत ‘डावीकडून’ म्हणून दिलेली नावे आणि त्यांचे शुद्धलेखन दोनदा तपासायचे, आणि सगळे वेळेत डेस्ककडे, म्हणजे पान तयार करणाऱ्या संपादकांकडे, पोहोचवायचे. चांगल्या छायाचित्राखाली चुकीचे नाव गेले, तर दुसऱ्या दिवशी दूरध्वनी येतो तो नावाबद्दल. छायाचित्राबद्दल कोणी बोलत नाही.

हे सगळे स्वतंत्र छायाचित्रकारालाही करावे लागते. फरक असा, की पगारी माणसाला वाट पाहण्याचेही पैसे मिळतात आणि स्वतंत्र माणसाला ते मिळतीलच असे नाही. छायाचित्रामागे मानधन ठरले असेल तर न्यायालयाबाहेर घालवलेले चार तास फुकट जातात, कारण दार उघडलेच नाही तर विकण्याजोगे काही हाती लागत नाही. म्हणून स्वतंत्र काम करायचेच असेल, तर दर दिवसाचा किंवा अर्ध्या दिवसाचा ठरवावा, आणि काम सांगून ऐन वेळी रद्द केले किंवा छायाचित्र छापले नाही तर किती रक्कम मिळेल हेही लेखी घ्यावे. रात्री लॅपटॉप मिटल्यावर त्याच्यासमोर आणखी एक काम असते, ते बिल करण्याचे आणि त्याचा पाठपुरावा करण्याचे. या दुसऱ्या कामाचा ज्याला मनापासून कंटाळा आहे, त्याने स्वतंत्र राहण्याचा विचार जपून करावा. छायाचित्रणात कमी पडून माघारी फिरणाऱ्यांपेक्षा वसुलीला कंटाळून माघारी फिरणारे मला अधिक दिसतात.

स्वतंत्र छायाचित्रकाराला नको ते काम नाकारता येते, हे तत्त्वतः खरे आहे. व्यवहारात मात्र दोनदा नाही म्हणणाऱ्याला तिसरा फोन येत नाही. शिवाय त्याच्याकडे येणारी कामे बऱ्याचदा उरलेली असतात : सुट्टीच्या दिवसाची, रात्रीची, किंवा एकाच वेळी दोन ठिकाणी कार्यक्रम असल्याने पगारी माणसाला गाठता न येणारी. उलट बाजूने, नोकरीतल्या ज्या कामांना सगळे कंटाळतात, त्या फीत कापण्याच्या आणि बक्षिसे वाटण्याच्या कार्यक्रमांचा एक अदृश्य लाभ असतो. त्याच त्या सभागृहात, त्याच शाळेत, त्याच रुग्णालयात वर्षानुवर्षे गेल्याने दारावरचा माणूस चेहरा ओळखू लागतो, आणि ज्या दिवशी तिथे खरोखर काही घडते त्या दिवशी इतरांना अडवणारे दार त्याच्यासाठी किलकिले होते. ही ओळख स्वतंत्र माणसालाही मिळवता येते, पण तिला कितीतरी अधिक काळ लागतो.

दोन्ही वाटांची दोन जुनी उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. न्यूयॉर्कचा आर्थर फेलिग, म्हणजेच विजी, हा स्वतंत्र वृत्तछायाचित्रकाराचा जवळजवळ नमुनाच. पोलीस मुख्यालयाजवळ त्याची खोली होती, १९३८पासून त्याच्या गाडीत पोलिसांचे बिनतारी संदेश ऐकणारा रेडिओ होता, आणि गाडीच्या डिकीत टंकलेखन यंत्रासह त्याचे सारे कार्यालय मांडलेले होते. छापील प्रतीच्या मागे तो स्वतःच्या नावाचा शिक्का मारत असे. दुसरीकडे अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहराचा चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या वृत्तपत्रासाठी त्याने सुमारे चार दशके एकाच शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीचे लग्न, निवडणूक, सामना, संप, दुकान, शाळा असे सगळे टिपले. एकाच क्लिकमध्ये काम उरकण्याच्या सवयीमुळे त्याला ‘वन शॉट’ म्हणत. त्याच्या जवळपास ८०,००० निगेटिव्ह आज कार्नेगी कला संग्रहालयात आहेत. विजीची छायाचित्रे धक्का देतात. हॅरिसचा संग्रह पाहताना एक अख्खे गाव वयाने वाढताना दिसते. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे ज्याला आधी कळते त्याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

पण ही जोडी वाटते तितकी सरळ नाही. विजीने स्वतंत्र होण्यापूर्वी, १९३५पर्यंत, अ‍ॅक्मी न्यूजपिक्चर्स या छायाचित्र संस्थेच्या डार्करूममध्ये दशकभर नोकरी केली होती, आणि पुढेही ‘पीएम’ या दैनिकाशी त्याचा काही वर्षे नियमित मानधनाचा करार होता. हॅरिसनेही वृत्तपत्राच्या जोडीला स्वतःचा स्टुडिओ चालवला. शुद्ध नोकरी आणि शुद्ध स्वातंत्र्य ही दोन टोके प्रत्यक्षात फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

साधनांचा हिशेब आता करू, कारण नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक तिथे होते. या कामाला दोन कॅमेरे लागतात. एकावर २४-७० आणि दुसऱ्यावर ७०-२०० मिलिमीटरची लेन्स, शक्यतो दोन्ही एफ २.८ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, कारण सभागृहातला उजेड नेहमीच अपुरा असतो आणि लेन्स बदलत बसायला वेळ नसतो. फ्लॅश, जादा बॅटऱ्या, कार्डे आणि लॅपटॉप हे त्यावर. चांगल्या कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरचे आयुष्य उत्पादक साधारणपणे १,५०,००० ते ४,००,००० क्लिक असे सांगतात. दिवसाला ३०० क्लिक आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर ९०,००० होतात. म्हणजे २,००,०००चे शटर सव्वादोन वर्षांत आपल्या घोषित आयुष्याच्या टोकाला येते. (इलेक्ट्रॉनिक शटरने झीज टळते खरी, पण एलईडी दिव्यांच्या उजेडात छायाचित्रावर पट्टे उमटण्याचा धोका असतो, आणि सभागृहांत आता तेच दिवे असतात.) नोकरीत हा खर्च वृत्तपत्राचा असतो, निदान असायला हवा. स्वतःचाच कॅमेरा आणायला सांगून वर किरकोळ भत्ता देणारी वृत्तपत्रेही असतात, आणि अशा नोकरीला अर्धी नोकरी समजूनच तिचा पगार तोलावा. स्वतंत्र माणसाने दर ठरवताना झीज, विमा, प्रवास आणि आजारपणाचे दिवस हे सगळे त्यात धरले नाही, तर तो नकळत वृत्तपत्राला स्वतःचा कॅमेरा भाड्याने, तोही बिनभाड्याने, देत असतो.

स्थैर्याविषयी थोडक्यात. ३० मे २०१३ रोजी शिकागो सन-टाइम्स या अमेरिकी दैनिकाने आपल्या छायाचित्र विभागातल्या २८ जणांना एकाच दिवशी कमी केले. त्यांत १९८२चा पुलित्झर पुरस्कार मिळवलेले जॉन एच. व्हाइटही होते. पगारी नोकरीला हमी समजणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. मात्र नोकरी असेपर्यंत एक संरक्षण खरे असते : जमावाने कॅमेरा फोडला, पोलिसांनी अडवले किंवा कोणी बदनामीची नोटीस पाठवली, तर मागे एक संस्था आणि तिचा वकील उभा असतो. स्वतंत्र छायाचित्रकाराच्या मागे करारात लिहिले असेल तेवढेच उभे राहते.

आता मालकीकडे वळू. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ या बाबतीत अनेकांच्या समजुतीच्या उलट आहे. वृत्तपत्राच्या नोकरीत, त्यात छापण्यासाठी काढलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो; पण तो वृत्तपत्र-नियतकालिकांतील प्रसिद्धीपुरताच, आणि बाकी सर्व बाबतींत पहिला मालक छायाचित्रकारच राहतो. याउलट मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास पहिला मालक तो मोबदला देणारा ठरतो. म्हणजे करार मुका असेल तर पगारी माणूस पुस्तक आणि प्रदर्शनाचे हक्क राखून असू शकतो, आणि सांगितलेले काम करून देणारा स्वतंत्र माणूस सगळेच गमावू शकतो. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात चित्र उलटे दिसते : नोकरीतल्या कामाचा पहिला मालक मालकसंस्था, आणि सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा मालक छायाचित्रकार. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्यातही नोकराचे काम मालकाचे होते, तर स्वतंत्र छायाचित्रकाराचे हक्क लेखी कराराशिवाय त्याच्याकडून जात नाहीत. ‘स्वतंत्र आहे म्हणजे छायाचित्रे माझी’ हे वाक्य म्हणूनच सगळीकडे खरे नसते. आणि ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ अशी ओळ करारात असेल, तर या कायद्यांमधले फरक बव्हंशी निरर्थक होतात.

मालकी हातात असेल तर तिचे मोल किती, हे हैतीच्या डॅनिएल मोरेल या स्वतंत्र छायाचित्रकाराच्या खटल्यात दिसले. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर त्याने ट्विटरवर टाकलेली छायाचित्रे एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही छायाचित्र संस्था यांनी परवानगीविना वितरित केली, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला १२ लाख डॉलर देवविले. त्यासाठी त्याला वर्षानुवर्षे लढावे लागले, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

आचारसंहितेच्या बाबतीत दोघांत भेद नाही. लॉस एंजेलिस टाइम्सने २००३मध्ये दोन छायाचित्रे जोडून एक केल्याबद्दल आपल्या पगारी छायाचित्रकाराला काढले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४मध्ये चौकटीच्या कोपऱ्यातला कॅमेरा पुसल्याबद्दल एका स्वतंत्र छायाचित्रकाराशी संबंध तोडले.

माझे मत विचाराल तर, ज्याची या क्षेत्रातली पहिली तीन-चार वर्षे आहेत त्याने नोकरी घ्यावी, पण एका अटीवर : त्या वृत्तपत्रात छायाचित्र नाकारणारा कोणीतरी असायला हवा. ‘हा कोन बरोबर नाही, पुन्हा जा’ असे सांगणारा फोटो संपादक किंवा जाणता उपसंपादक जिथे आहे, तिथे पगार थोडा कमी असला तरी शिकणे दामदुप्पट होते. जिथे छायाचित्र म्हणजे पानावरची मोकळी जागा भरायचे साधन एवढीच समजूत आहे आणि जे पाठवाल ते लागते, तिथली नोकरी दोन वर्षांत हात बिघडवते. त्यापेक्षा स्वतंत्र राहून तीन-चार ठिकाणी काम करणे बरे. घरात दुसरे उत्पन्न आहे, दोन कॅमेऱ्यांचे पैसे फिटलेले आहेत आणि वृत्तपत्राबाहेरही थोडीफार गिऱ्हाइके आहेत, अशा माणसाला स्वतंत्र काम झेपते. यांतली एखादी गोष्ट नसेल तर वर्षभर थांबावे. तिन्ही नसतील, तर स्वतंत्र काम हे बेकारीचे सभ्य नाव ठरते.

मधली वाटही आहे, आणि विजीचा वा हॅरिसचा मार्ग पाहता तीच सर्वांत जुनी म्हणावी लागेल : ठरावीक दिवस एका वृत्तपत्राला बांधलेले, त्याचे ठरावीक मानधन, आणि उरलेले दिवस आपले. या व्यवस्थेत वाटाघाट दराच्या आधी हक्कांची करावी. दर पुढच्या वर्षी वाढवून मागता येतो, पण लिहून दिलेले हक्क परत मिळत नाहीत. पहिली प्रसिद्धी वृत्तपत्राची, संकेतस्थळावरचा वापर ठरावीक मुदतीपुरता, ‘संग्रहित छायाचित्र’ म्हणून पुन्हा छापल्यास वेगळे मानधन, आणि मूळ फाइल छायाचित्रकाराकडे, एवढे चार मुद्दे मान्य होत असतील तर रकमेत थोडी तडजोड करायला हरकत नाही.

मूळ फाइल जवळ ठेवायच्या, तर फोटोओळही आपणच लिहून त्याच फाइलमध्ये भरून ठेवावी. वृत्तपत्राच्या यंत्रणेतली ओळ वृत्तपत्रापाशीच राहते. हॅरिसला उतारवयात आपल्याच निगेटिव्हसाठी न्यायालयात जावे लागले, आणि त्या निगेटिव्ह संग्रहालयात पोहोचल्या तेव्हा बहुतेकींवर नाव वा तारीख नव्हती. मग संग्रहालयाने शहरातल्या वृद्ध रहिवाशांना छायाचित्रे दाखवून एकेक चेहरा कोणाचा ते विचारायला सुरुवात केली.