व्हीलचेअरवरच्या माणसाला गोव्याहून मुंबईला न्यायचंय: कोकणकन्या, वंदे भारत की स्लीपर बस?

भावाच्या मणक्याला मार लागल्यापासून आम्ही त्याला डिचोलीहून मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत नेतो, तिन्ही प्रकार करून झालेत म्हणून लिहितोय.

आधी पैशांचं. सोबती लागतोच अशा अस्थिव्यंग माणसाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला 75 टक्के सवलत, सेकंड एसीला 50, आणि सोबत्यालाही तेवढीच. म्हणजे थर्ड एसीत दोघं मिळून अर्ध्या तिकिटात जातात, सेकंड एसीत एका तिकिटात, आणि वंदे भारतला सवलतच नाही त्यामुळे दोन पूर्ण तिकिटं. रिझर्व्हेशन, सुपरफास्टचे पैसे वेगळे. तत्काळमध्ये पण सवलत मिळत नाही, तेव्हा अपॉइंटमेंट मिळाली की लगेच दिव्यांग कोट्यातून बुकिंग करा. मूकबधिरांना मात्र 50 टक्केच आणि एसीत काहीच नाही, हे मला अजिबात पटत नाही.

आता चढणं-उतरणं. वंदे भारतमध्ये शेवटच्या डब्यांत व्हीलचेअरला जागा आहे, दारं आपोआप उघडतात, वेळही बराच वाचतो, पण तेवढे तास बसूनच काढायचे आणि ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला एका जागी बसून जखमा होतात, भावाला एकदा झाली, बरी व्हायला दीड महिना गेला. कोकणकन्येत रात्रभर आडवं पडता येतं, कूस बदलता येते. पण एसी डब्याच्या बोळातून आपली नेहमीची खुर्ची जात नाही, दारापासून बर्थपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, दोन माणसं हवीतच. गार्डाच्या बाजूला दिव्यांगांचा डबा असतो, त्याचं दार रुंद आहे, एसी मात्र नाही.

स्लीपर बस नकोच. उंच पायऱ्या, अरुंद वाट, टॉयलेट नाही, एकदा तर ड्रायव्हर "लवकर करा" म्हणून ओरडत होता आणि आम्ही भावाला खांद्यावर घेऊन उभे.

आम्ही आता थर्ड एसीच घेतो, लोअर बर्थ मिळाला तरच. आणि थिवी जवळ असलं तरी मडगावहून चढतो, गाडी तिथूनच सुटते म्हणून आधी लागलेली असते, थिवीला दोन-तीन मिनिटांत माणूस आणि खुर्ची दोन्ही आत घेताना जीव जातो. उतरायचं सीएसएमटीला, दादरला नाही, कारण सीएसएमटीला प्लॅटफॉर्मवरून जिना न चढता सरळ बाहेर पडता येतं.