घरी केलेलं पुढच्या सस्पेन्शनचं काम: काही महिने गाडी चालवल्यावर

नवे पार्ट टाकल्या दिवशी कुठलीही गाडी छानच चालते, म्हणून लिहायला मुद्दाम वेळ घेतला. मध्ये पाऊस, खड्डे, गतिरोधक, हायवे सगळं होऊन गेलं. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. बदललं ते असं: दोन्हीकडचे लोअर आर्म (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारे), लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या जोडसळया), स्ट्रट, एका बाजूचा आख्खा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा, दोन्ही टोकांना जॉइंट असलेला) आणि दुसऱ्या बाजूचा फक्त बाहेरचा बूट (जॉइंटमधलं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण).

पैसा वसूल कुठे झाला, तर लिंक रॉडमध्ये. खराब रस्त्यावर हळू जाताना जी खडखड यायची तिच्यासाठी सगळे शॉकअपला दोष देत होते. लिंक रॉड बदलले आणि आवाज गेला, तो आजवर परत आलेला नाही. काढताना नटाबरोबर आतला बोल्टही फिरतो. त्याला दुसऱ्या पान्याने किंवा ॲलन कीने धरून ठेवावं लागतं. गंजलेला असेल तर भांडत बसू नका, सरळ कापा.

लोअर आर्म बसवणं सोपं, पण एक गोष्ट बरेच जण गाळतात. आर्म सांगाड्याला जोडतो तिथल्या बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते घसरत नाही, पिळतं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून गाडी स्टँडवर ठेवून बोल्ट फक्त हाताने लावले, मग बॉल जॉइंटच्या (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) खाली जॅक देऊन आर्म गाडी जमिनीवर असताना जिथे असतो तिथवर उचलला आणि तेव्हाच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावला. परवा टॉर्चने पाहिलं, रबराला एकही चीर नाही. या पाच मिनिटांच्या कंटाळ्यावर कितीतरी नवे आर्म वाया जात असतील.

आता शाफ्ट. यावर माझं मत बदललंय. बाहेरच्या जॉइंटमध्ये बहुधा सहा गोळ्या असतात, चाक वळलं तरी फिरणं एकसारखं ठेवायचं काम त्यांचं. आतल्या जॉइंटमध्ये बऱ्याच गाड्यांत तीन रोलर असतात, ते आत-बाहेर सरकून लांबीतला फरक सांभाळतात. माझ्या डाव्या बाजूला पूर्ण स्टिअरिंग फिरवून निघालं की टकटक यायची, म्हणजे बाहेरचा जॉइंट गेलेला. तिथे बाजारातला तयार शाफ्ट टाकला. उजवीकडे बूट फाटला होता, पण जॉइंट गप्प होता आणि ग्रीसमध्ये मातीची कचकच नव्हती. तो धुऊन, नवं मॉलिब्डेनमचं ग्रीस भरून फक्त बूट बदलला.

निकाल उलटा लागला. जुना जॉइंट आजही बिनआवाज आहे. नव्या शाफ्टने टकटक घालवली खरी, पण अलीकडे जोरात ॲक्सिलरेटर दिला की बारीक थरथर जाणवते आणि पाय काढला की थांबते. हे लक्षण बहुतेक वेळा आतल्या जॉइंटचं असतं. तेव्हा बूट फाटलेला दिसला आणि आवाज नसेल तर लगेच बूट बदला, कंपनीचा जॉइंट उगाच फेकू नका. बूटचा क्लॅम्प मात्र चिमट्याने दाबायचाच घ्या. स्क्रूवाला होज क्लॅम्प फिरत्या शाफ्टवर मला पटत नाही.

हब नट (शाफ्टचं बाहेरचं टोक चाकाच्या मधोमध धरणारा मोठा नट) चाक जमिनीवर असतानाच सैल करा आणि शेवटचं आवळणंही तिथेच; नट नवा घ्या, किती आवळायचा तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. नट पक्का होईपर्यंत मात्र गाडी ढकलायचीही नाही, नाहीतर बेअरिंगवर नको तो भार येतो. माझे बेअरिंग अजून शांत आहेत.

स्ट्रटबद्दल फार उत्साह नाही. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं कमी झालं, पण छोट्या खड्ड्यांत गाडी आधीपेक्षा कडक वाटते. घरच्यांना ते आवडलेलं नाही. स्ट्रट बॉडीला जोडणारं वरचं माउंट नवं घातल्याने स्टिअरिंग वळवताना येणारा टणटण आवाज मात्र गेला. स्प्रिंग दाबायचं काम मी गॅरेजमधूनच करून आणलं. स्ट्रट उतरवणं-चढवणं घरी ठीक आहे, पण दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाऊ शकतो, आणि भाड्याने मिळालेल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबायचं हत्यार) आटे पाहूनच मी तो परत केला.

काम संपताच अलाइनमेंट करून घेतलं, कारण आर्म आणि स्ट्रट उघडले की टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बदलतोच. टायर दोन्ही बाजूंना सारखे झिजतायत. पुढच्या सर्व्हिसला डाव्या शाफ्टचा आतला बूट उघडून रोलर बघणार. शाफ्ट गिअरबॉक्समधून निघणारच आहे, तर तिथलं ऑइल सीलही त्याच वेळी बदलेन.