लातूरचं धर्मादाय वाचा-श्रवण केंद्र: तपासणी चोख, मोल्डला उशीर

उदगीर, अहमदपूर, परळी, धाराशिवकडची माणसं लातूरच्या या ट्रस्टच्या केंद्रात येतात ती 'कानाचं मशीन स्वस्त मिळतं' म्हणून. मिळतंही. पण इथं यावं ते तपासणीसाठी आणि मशीन घेतल्यानंतरच्या कामांसाठी.

आधी कानात बघतात. मळ असला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवतात आणि त्या दिवशी तपासणी करत नाहीत. लांबून आलेले चिडतात, पण मळानं बुजलेल्या कानाच्या तपासणीतून निघालेल्या आलेखावर लावलेलं मशीन चुकीचंच लागणार. खोली खरोखर आवाजबंद आहे. तपासणी चालू असताना एसीसुद्धा बंद ठेवतात, कारण त्याच्या घरघरीत जाडे, हळू आवाज झाकले जातात. मे महिन्यात घामाघूम व्हायची तयारी ठेवा. २५० ते ८००० हर्ट्झचे आवाज आधी हेडफोनमधून ऐकवतात, मग त्यातले ४००० हर्ट्झपर्यंतचे कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा. हाडावरून नीट ऐकू आलं आणि हेडफोनमधून कमी आलं, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात. तिथं मशीनआधी औषध-ऑपरेशनचं बघायचं. हाडावरची ही तपासणी न करताच कोणी मशीन हातात ठेवत असेल, तर तिथून उठावं.

लहान मुलांच्या बेरा तपासणीला (आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी तपासणी) मूल गाढ झोपलेलं लागतं. पहाटे लवकर उठवा, एसटीत डुलकी घेऊ देऊ नका, दूध केंद्रावर पोचल्यावरच पाजा. आणि डोक्याला तेल चोपडून आणू नका! कपाळाला आणि कानामागे लावायचे इलेक्ट्रोड तेलकट कातडीवर धरत नाहीत. मग जागा घासून पुसायची आणि तेवढ्यात मूल टक्क जागं.

मशीनवर जीएसटी शून्य आहे, पावतीवर तसंच दिसतं. मोल्डचे, म्हणजे ज्याच्या-त्याच्या कानाच्या मापानं बनवून मशीनला जोडायच्या बोळ्याचे, पैसे वेगळे, ते आधीच विचारा. मोल्डचं माप इथं नीट घेतात: दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत, मग लगदा, तो घट्ट होईपर्यंत काही मिनिटं थांबायचं. पण मोल्ड बाहेरून बनून येतो आणि त्याला फार दिवस लागतात. तोवर तयार रबरी टोपीवर भागवतात. ती सैल बसते, बाहेर निसटलेला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. मग म्हातारी माणसं मशीन काढून कपाटात ठेवतात ते कायमचंच. लहान मुलांचा कान वाढत असल्यानं त्यांना काही महिन्यांनी नवा मोल्ड लागतोच, म्हणजे हा उशीर पुन्हा पुन्हा. केंद्राचा हा सगळ्यात मोठा दोष.

मोल्डची कडक, पिवळी पडलेली नळी मात्र हातोहात बदलून देतात. सेलही इथूनच घ्यावेत: १३ नंबर नारिंगी स्टिकरचा, ६७५ निळ्या. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. लहान मुलाच्या मशीनला सेलच्या दाराचं कुलूप मागून घ्या; गिळलेला सेल जिवावर बेततो.

एडिप योजनेचा (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) अर्ज भरायला मदत करतात. दिव्यांग प्रमाणपत्र इथं मिळत नाही, त्यासाठी सरकारी रुग्णालयच.

स्पीच थेरपी चांगली आहे, कारण आईला बाहेर बसवत नाहीत, शेजारी बसवून शिकवतात. आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज तिनं रोज सकाळी मुलाच्या मागे उभं राहून म्हणायचे, ओठ दिसू द्यायचे नाहीत. रोज 'स'ला वळणारं पोर आज वळलं नाही, तर आधी सेल बघायचा, मग नळीत घामाचा थेंब अडकलाय का ते, मग मोल्ड मळानं बुजलाय का ते. बरीच 'बिघडलेली' मशीनं अशी घरच्या घरीच सुरू होतात, लातूरची खेप वाचते.

अडतं ते वेळापत्रकात. ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात ती उन्हाळ्यात परततात. केंद्र मात्र लागोपाठ गैरहजेरी पडली की नाव कमी करतं आणि परत आल्यावर रांगेच्या शेवटी उभं करतं. बोलणं शिकण्याच्या वयातले पाच-सहा महिने असे जाणं परवडणारं नाही. फोनवर व्हिडिओ कॉल करून थेरपी द्यायला इथल्या थेरपिस्ट तयार असतात, पण आपण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. टोळी निघायच्या आधीच जाऊन ते ठरवून घ्या, आणि पाच-सहा महिन्यांचे सेल सोबत न्या.