टीन्सी 4.0: बॉड रेटची कटकट गेली, सात बिटांची राहिली

प्युअर डेटा या आवाज घडवायच्या प्रोग्रामसाठी मी आठ नॉबचा एक कंट्रोलर बनवलाय. आधी त्यात आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड होता, आता टीन्सी 4.0 हा तसाच दुसरा बोर्ड आहे. टीन्सीचा विषय निघाला की लोक आधी त्याचा 600 मेगाहर्ट्झचा वेग सांगतात. नॉब वाचायला त्याची काडीचीही गरज नाही. खरा फरक यूएसबीत आहे.

उनोवर (आर3 आणि त्याआधीच्या) मुख्य चिप आणि संगणक यांच्यामध्ये यूएसबी-सिरियलची वेगळी चिप बसलेली असते, आणि या दोन चिपांमधली ये-जा बॉड रेटनेच, म्हणजे सेकंदाला ठरलेल्या बिटांच्या वेगाने, होते. स्केचमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, सवयीने 9600 लिहिलेलं असतं. एका बाइटला 10 बिट, म्हणजे सेकंदाला 960 बाइट. आठ नॉबचे आकडे मजकूर म्हणून पाठवले, प्रत्येकी चार अंक आणि एक स्वल्पविराम, की झाले 40 बाइट. एका फेरीला जवळजवळ 42 मिलिसेकंद! फिल्टर फिरवताना आवाजात पायऱ्या ऐकू येतात त्या इथून. अहो, वाद्यं जोडायच्या 1983 पासूनच्या पाच पिनी मिडी केबलचा वेगही 31250 बॉड आहे.

टीन्सीत 480 मेगाबिटची यूएसबी मुख्य चिपमध्येच आहे. 9600 लिहा नाहीतर 115200, बोर्ड तो आकडा विचारातच घेत नाही. मग उशीर उरतो सॉफ्टवेअरचा. प्युअर डेटा आवाजाच्या 64 सॅम्पलच्या ब्लॉकने चालतो; सेकंदाला 44100 सॅम्पल असतील तर एक ब्लॉक साधारण दीड मिलिसेकंदाचा. त्याहून भरभर आकडे ओतून हाती काही लागत नाही. मी दर दोन मिलिसेकंदांनी पाठवते. मॅक्स हा प्युअर डेटासारखाच प्रोग्राम वापरणाऱ्यांनी आपला पॅच तपासावा: तिथला सिरियल ऑब्जेक्ट ‘बँग’ हा इशारा मिळाल्याशिवाय वाचत नाही. बँग देणारा मेट्रो 50 मिलिसेकंदांवर असेल तर कुठलाही बोर्ड आणा, फरक पडायचा नाही.

आर्डुइनोच्या प्रोग्रामातल्या टूल्स मेनूत यूएसबी टाइप ‘मिडी’ केला की संगणकाला हा बोर्ड सरळ मिडी वाद्य म्हणून दिसतो. पोर्ट शोधा, बाइट जुळवा, ही झंझटच नाही. बटणांसाठी फारच छान. पण नॉबचा आकडा नेणारा मिडी संदेश, कंट्रोल चेंज, सात बिटांचा, 128 पायऱ्यांचा, आणि नॉबचं वाचन 1024 पायऱ्यांचं. फिल्टरचा कटऑफ सावकाश फिरवला की आवाजात पुन्हा त्याच पायऱ्या. म्हणून मी ‘सिरियल + मिडी’ निवडलं: बटणं मिडीवर, नॉब सिरियलवर. प्रत्येक वाचन सात-सात बिटांच्या दोन बाइटांत तोडायचं आणि फ्रेमच्या, म्हणजे आठ नॉबच्या बाइटांच्या एका गठ्ठ्याच्या, सुरुवातीला 255 टाकायचा. बाकीचे बाइट 127 च्या वर जातच नाहीत, त्यामुळे फ्रेम कुठे सुरू झाली याचा घोळ होत नाही.

एक जपायचं: 4.0 च्या पिना 5 व्होल्ट सोसत नाहीत. उनोवरचे नॉब इकडे आणताना त्यांची 5 व्होल्टची तार 3.3 वर न्या.

आणि उनो हाताशी असेल तर बोर्ड बदलायची घाई नको. आधी तिथेच 115200 लावा आणि मजकुराऐवजी बाइट पाठवा. आठ नॉबची ही 17 बाइटची फ्रेम मग दीड मिलिसेकंदात जाते.