गीते आणि भजने, दोन्हींसाठी एकच पेटी: नऊ पट्ट्यांच्या स्केल चेंजरचे परीक्षण

अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने रविवारच्या उपासनेसाठी खर्ज, नर आणि मादी (खालच्या, मधल्या आणि वरच्या आवाजाचे सूर) अशा तीन संचांची, साडेतीन सप्तकांची, कपलर असलेली नऊ पट्ट्यांची स्केल चेंजर, म्हणजे बोटे तीच ठेवून नऊ वेगवेगळ्या उंचींवर वाजवता येणारी, पेटी (हार्मोनियम) घेतली. ती वाजवण्याचे काम प्रामुख्याने माझ्याकडे असते. अशा पेट्यांची परीक्षणे बहुधा शास्त्रीय गायनाच्या साथीदारांनी लिहिलेली असतात, आणि चर्चमधल्या वादकाच्या गरजा त्यांत येत नाहीत. म्हणून हे लिहीत आहे.

या गरजा वेगळ्या का आहेत, ते आधी सांगायला हवे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरात 1831 मध्ये सुरू झाले. मिशनऱ्यांबरोबर पाश्चात्त्य चालींची गीते आली. त्यांचे शब्द मराठी झाले, पण चाली आणि त्यांची चार स्वरांतली मांडणी, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या उंचींवर गाण्याची रचना, तशीच राहिली. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि पदांच्या वळणाची भजने रचली व कीर्तनाचा मार्गही अवलंबला. परिणामी आज एकाच उपासनेत पहिले गीत चार स्वरांच्या इंग्रजी चालीचे असते आणि अर्पणाच्या वेळी तबला-झांजांसह भजन होते. वाद्य मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते.

गीतांपासून सुरुवात करतो, कारण तिथेच या पेटीचा खरा कस लागतो. स्वरलिपीच्या पुस्तकांतली बरीच गीते आमच्या लोकांना उंच पडतात. प्रशिक्षित गायकवृंद वरचा स्वर घेतो, पण मागच्या बाकांवरचे पुरुष तिथे गप्प होतात किंवा खालच्या सप्तकात उतरतात. साध्या पेटीवर गीत दोन अर्धस्वर खाली आणायचे म्हणजे सगळी बोटे बदलायची, आणि हे नेमके उपासना सुरू असताना जमणारे वादक थोडेच. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची चौकट सुरांच्या पाटावरून सरकते. बोटे तीच राहतात, स्वर खाली येतो. आचार्यांनी गीताचा क्रमांक सांगितल्यापासून मंडळी उभी राहीपर्यंतच्या वेळात हे निवांत होते. मंडळी मोकळ्या गळ्याने गाऊ लागली, हा या खरेदीचा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि एवढ्यासाठीही मी ती पुन्हा घेईन.

तथापि, चार स्वरांची मांडणी ती पूर्ण पेलू शकत नाही. डावा हात भात्यावर अडकलेला असल्यामुळे उजव्या हाताला मुख्य चाल आणि तिच्याखालचे एक-दोन स्वर एवढेच जमते. चौथा, म्हणजे सर्वांत खालचा स्वर सुटतो. कपलर लावून तो भरून काढावा असे अनेकांना वाटते. पण कपलर दाबलेल्या प्रत्येक स्वराबरोबर त्याचा खालच्या सप्तकातला जोडीदार वाजवतो, आणि खर्जात जवळजवळचे स्वर एकत्र आले की आवाज गढूळ होतो. म्हणून गीतांना मी कपलर बंद ठेवतो, खर्जाचा संचही बंद ठेवतो, आणि नर-मादीवर काम भागवतो. ज्यांच्याकडे जुनी पायपेटी चालू स्थितीत आहे, त्यांनी ती मुळीच काढू नये. पॅरिसला 1842 मध्ये पेटंट मिळालेला फ्रेंच वाद्यनिर्माते दबॅं यांचा हार्मोनियम पायांनी चालणाराच होता आणि त्यात दोन्ही हात मोकळे राहत; कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी घडवली, तेव्हा जमिनीवर बसणाऱ्या गायकाची सोय झाली आणि चार स्वरांच्या गीताची गैरसोय.

भजनाला हीच पेटी अगदी वेगळी वागते. कपलर आणि खर्ज दोन्ही लावले की पाठीमागून भरघोस आवाज मिळतो, आणि दीडशे माणसांना तो ध्वनिवर्धकाशिवाय पुरतो. पुढे गाणारे पुरुष असले तर काळी एक (पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज) आणि स्त्री असली तर काळी चार किंवा पाच, हा बदल क्षणात होतो. उणीव आहे ती जुनीच. पट्टी बदलती ठेवायची तर सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर लावावे लागतात, आणि मग शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा लागतो. अर्धस्वराचे 100 भाग केले तर सुमारे 14 भागांनी. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हेही निघत नाही. याच कारणांवरून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. समूहगायनात मात्र हा गंधार कोणाला खटकल्याचे मला आढळले नाही. गीताच्या स्वरमेळाला सारख्या अंतराची जुळणीच सोयीची असते. एका षड्जावर गंधार जुळवून घेतलेली पेटी भजनाला अधिक गोड लागेल, हे खरे. पण तिच्यावर पट्टी बदलली की गीत बेसूर होईल.

विक्रेता सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे पेटीची पट्टी सरकते, तबल्याची सरकत नाही. पहिले भजन काळी एकवर आणि दुसरे काळी चारवर घेतले, तर तबलावादकाला दायाँ (जोडीतला उजव्या हाताचा, स्वरात लावलेला तबला) बदलावाच लागतो. आम्हाला पेटीपाठोपाठ वेगळ्या तोंडाचा दुसरा दायाँ घ्यावा लागला. हा खर्च आधीच धरावा, किंवा त्या दिवसाची सगळी भजने एकाच पट्टीत बसवावीत.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड स्वस्तात मिळतो आणि पट्टीही बटणावर बदलतो, मग पेटी कशाला, असा प्रश्न आमच्या तरुणांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. चार स्वरांच्या गीतांना कीबोर्डच सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातला आपोआप वाजणारा ठेका मंडळीसाठी थांबत नाही. ओळ संपली की लोक श्वास घेतात, वयस्कर माणसे थोडी मागे राहतात. भात्यावरचा हात ते ओळखून थांबतो. ठेका बंद ठेवून वाजवणारा वादक असेल, तर हा आक्षेप उरत नाही. वीज गेल्यावर मात्र उरतो.

चर्चमध्ये पेटी-तबला शोभतो का, ही शंका अजूनही कधीतरी कानावर येते. कॅथलिकांत पोप दहावे पायस यांनी 1903 च्या आदेशात पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्ये चर्चमधून वर्ज्य केली होती, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला योग्य ठरणाऱ्या इतर वाद्यांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत असा आदेश कधी नव्हता; कुरकुर तेवढी होती.

आता दोष. सोळा-सतरा किलोंची ही पेटी घरोघरच्या प्रार्थनासभांना नेण्याजोगी नाही. सरकत्या चौकटीमुळे सांध्यांतून हवा निसटण्याची शक्यता साध्या पेटीपेक्षा जास्त असते. आमच्या पेटीत दोन ठिकाणी चौकट सरकवल्यावर मंद्रातले काही सूर क्षीण वाजत होते. ज्या दुकानातून घेतली त्यांनी आधी टाळाटाळ केली, नंतर दुरुस्त करून दिले. म्हणून घेताना नवाच्या नऊ जागांवर प्रत्येक सूर, प्रत्येक संच वेगवेगळा वाजवून पाहावा, आणि भाता पूर्ण भरून एकही पट्टी न दाबता तो किती वेळात बसतो हे तपासावे. कोकणातल्या मंडळ्यांनी पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाचाही विचार करावा. आमच्याकडे उन्हाळ्यातला कोरडेपणा अधिक त्रास देतो.

चाळीस हजारांच्या आसपास किमतीत, गीते आणि भजने दोन्ही गाणाऱ्या आणि एकच मुख्य वादक असलेल्या मंडळीला मी ही पेटी सुचवीन. केवळ भजने होत असतील, तर तेवढ्याच पैशांत चांगली साधी पेटी आणि दोन दायाँ घ्यावेत.